आईच्या नावावरची मॅकरोनी

थोरलीनं मॅकरोनी पहिल्यांदा केली तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि ती मॅकरोनी कुणीच खाल्ली नाही.

घरात तीन मुलं. थोरली दहाची, मधला पाचाचा, धाकटीला तिसरं लागलेलं. चौथ्या बाळासाठी आई इस्पितळात गेली आणि आठ दिवसांनी रिकाम्या हातांनी परत आली. आली ती तडक आतल्या खोलीत गेली, पलंगावर आडवी झाली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. आज उठेल, उद्या उठेल म्हणता म्हणता महिना गेला. बाबा ट्रकवर ड्रायव्हर. सहा दिवस रस्त्यावर, एक दिवस घरी. तो एक दिवसही झोपण्यात जायचा. तशी त्यांना घराची काळजी नव्हती असं नाही. त्यांच्या मालाच्या फेऱ्या एका मॅकरोनीच्या कारखान्यातून असत आणि तिथला तुटका, पाकिटात न बसणारा माल कामगारांना जवळपास फुकट मिळे. ते एक पोतं आणून स्वयंपाकघरात टेकवत आणि म्हणत, "हे बघ, महिन्याची ददात मिटली." पोतं आपणहून शिजत नाही हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही.

पहिले काही दिवस मुलांनी पावावर काढले. मग एक दिवस थोरलीनं गार पाण्यातच मॅकरोनी घातली, पातेलं चुलीवर चढवलं आणि बराच वेळ ढवळत बसली. झाली ती खळ. पुस्तकाला कागद चिकटवावेत अशी. मधल्यानं बोट लावलं, वास घेतला आणि ताटली सरकवली. "मला नको. आई करेल तेव्हा खाईन." धाकटीनं दादाकडे पाहून तोंड घट्ट मिटलं.

खालच्या मजल्यावर शिवणवाल्या काकू राहत. त्यांचं मशीन दिवसभर चाले आणि तोंड त्याहून जास्त. त्यांनी थोरलीच्या हातातलं पातेलं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बये, पाणी आधी खळखळ उकळू दे. मीठ घाल, मग मॅकरोनी. आणि दाताला जरा लागतेय तोवरच उतरव. मऊ व्हायची वाट बघशील तर लगदाच होणार."

त्यांनी तिला सगळं शिकवलं. बाजार उठताना भाजीवाला पिचके टोमॅटो वेगळे काढतो, ते मागून आणायचे. कांदा थोड्या तेलात अगदी मंद परतायचा, लाल होईतो नाही, गोड वास येईतो. त्यात टोमॅटो हातानं चुरडून घालायचे, मीठ, चिमूटभर साखर. मॅकरोनी गाळलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातलं एक वाटी रश्शात ओतायचं, त्यानं रस्सा मॅकरोनीला धरून राहतो. आणि शिळा पाव किसून, तेलावर खमंग करून वर भुरभुरायचा. "त्या चुऱ्यात सगळी गंमत आहे," काकू म्हणाल्या, "पोरांना वाटतं, काहीतरी भारी खातोय."

दुसऱ्या दिवशी मॅकरोनी उत्तम झाली. फक्त गाळताना पातेलं निसटलं आणि थोरलीचं मनगट चांगलंच भाजलं. ती रडली नाही, कारण रडली असती तर मधला आत आला असता. ताटल्या घेऊन ती बाहेर आली. मधल्यानं पुन्हा तोंड फिरवलं. "तू केलंस ना? मग नको."

त्या क्षणी थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "आईनं केलंय."

"खरं?"

"खरं. उठली, केलं आणि परत जाऊन पडली. दमली ना ती."

मधल्यानं एक घास घेतला. मग दुसरा. मग ताटली चाटून पुसून पुन्हा पुढे केली. धाकटीचे गाल रश्शानं कानापर्यंत लाल झाले होते. थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. आपल्याला काय जमून गेलं हे तिला कळलं, आणि उद्यापासून काय करावं लागणार हेही.

घराची रचना तिच्या सोयीची होती. आधी बाहेरची खोली, मग स्वयंपाकघर, आणि त्यातूनच आत आईची खोली. मधलं दार लावलं की पलीकडे कोण काय करतंय हे कळायला मार्ग नव्हता. थोरली रोज शाळेतून आली की मुलांना बाहेर बसवायची. "आई स्वयंपाक करतेय. आत यायचं नाही, तेल उडतं. मी जरा हाताखाली मदत करते." आणि दार लावून घ्यायची. कांदा परतताना ती कधी कधी मोठ्यानं बोलायचीसुद्धा, "आई, मीठ घालू का?" आतून उत्तर यायचं नाही. मग तीच हलकं हुं करायची.

हे चार वर्षं चाललं.

आईला सगळं ऐकू जात असे. एकदा थोरली तिच्या खोलीत ताटली ठेवायला गेली, तेव्हा आई भिंतीकडे बघतच म्हणाली, "माझं नाव कशाला घेतेस?"

"त्याशिवाय ती जेवत नाहीत."

आईनं चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "कांदा जळू देऊ नकोस. वासानं मळमळतं मला."

चौथ्या वर्षी आई उठली. का उठली हे जसं कुणाला कळलं नाही, तसं का पडली होती हेही कुणी कधी विचारलं नव्हतं. ती घरात हिंडू लागली, मुलांचे केस विंचरू लागली, बटाटे उकडू लागली, सूप करू लागली. मॅकरोनी मात्र तिनं कधी केली नाही. "ती तूच कर, मला नाही जमत." एक दिवस मावशी आली, आईची धाकटी बहीण. जेवताना मधला फुशारकीनं म्हणाला, "मावशी, आमच्या आईसारखी मॅकरोनी अख्ख्या शहरात कुणाला येत नाही." मावशीनं घास घेतला आणि मान डोलावली. थोरली वाढायला उभी होती. तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली नाही, की विषय बदलला नाही. ती किंचित हसली आणि म्हणाली, "हाताची चव असते एकेकाच्या."

थोरली चौदाची होती. तिनं पळी ठेवली आणि पाणी आणायला निघून गेली.

शाळा तिची त्याच वर्षी सुटली. बाबांच्या कमरेनं दगा दिला, ट्रक सुटला आणि कुणीतरी कामाला लागणं भाग होतं. मधल्याला डोकं होतं, धाकटी लहान होती. उरली कोण? इस्पितळाच्या लाँड्रीत ती चिकटली ती साठीपर्यंत. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले. गरम रोलरमधून ओली चादर सरकवायची, पलीकडून दुसरीनं ओढून घ्यायची, चार घड्या, पुढची. वाफेनं तिथल्या बायकांचे चेहरे कायम तकतकीत असायचे आणि पाय कायम सुजलेले. "आम्हाला पावडर लागत नाही," त्या म्हणायच्या, "चपला मात्र दोन नंबर मोठ्या लागतात."

तिथली यंत्रं दुरुस्त करायला एक वायरमन यायचा. कमी बोलणारा, स्वच्छ नखांचा. रोलर बिघडला नाही तरी बघून जायचा. बायकांनी काय ते ओळखलं. दोन वर्षांनी त्यानं सरळ विचारलं. थोरली म्हणाली, "धाकटीचं शिक्षण होऊ दे." त्यानं चार वर्षं वाट पाहिली. मग धाकटीला पुढचा कोर्स करायचा होता, आणि आईला पुन्हा अधूनमधून भिंत दिसू लागली होती. थोरली म्हणाली, "अजून थोडं थांब." वायरमन म्हणाला, "तू मला थांब म्हणतेस, त्यांना कधीच म्हणत नाहीस." तो रागानं बोलला असता तर तिनं भांडून घेतलं असतं. तो नुसता सांगत होता. पुढच्या वर्षी त्याचं दुसरीकडे जमलं आणि रोलर दुरुस्त करायला दुसराच माणूस येऊ लागला.

मधला पुरवठा खात्यात लागला. धाकटी शिक्षिका झाली. दोघांची लग्नं झाली, घरं झाली. बाबा गेले. आई थोरलीजवळच राहिली आणि शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळली. त्या सहा वर्षांत तिला चमच्यानं भरवणारी, कूस बदलून देणारी, चादर बदलणारी थोरलीच. मधला दर रविवारी फळं घेऊन यायचा आणि आईचा हात हातात घेऊन बसायचा. तो गेल्यावर आई म्हणायची, "किती जीव आहे गं त्याचा माझ्यावर." थोरली म्हणायची, "हो ना," आणि फळं धुवायला न्यायची.

आई गेल्यावर पाचेक वर्षांनी मधला निवृत्त झाला. घरी बसून माणूस कुजतो असं त्याचं मत. त्यानं कोर्टासमोरच्या रस्त्यावर एक गाळा घेतला आणि खाणावळ काढली. थोरलीला फोन आला तो उद्घाटनाच्या आदल्या दिवशी.

"ताई, उद्या ये. तुझ्यासाठी गंमत आहे."

गंमत दारावरच होती. भली मोठी पाटी: 'आईची मॅकरोनी'. बाजूला आईचं चित्र. पाटी रंगवणाऱ्यानं जुन्या फोटोवरून चेहरा हुबेहूब काढला होता आणि उरलेलं आपल्या मनानं भरलं होतं: लाल एप्रन, भरलेले दंड, आणि हातात एवढी मोठी पळी. थोरली फुटपाथवर उभी राहून बघत राहिली. मधला मागून आला.

"कशी वाटली?"

"पळी मोठी आहे," थोरली म्हणाली.

मधला खदखदून हसला. त्याला तो विनोद वाटला.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. "ताई, एक अडचण आहे. आचारी चांगला आहे, पण चव आईसारखी येत नाही. तू तिच्या हाताखाली असायचीस ना, तुला ठाऊक असेल ती काय घालायची."

"कुणाच्या हाताखाली?"

"आईच्या गं. कमाल करतेस."

थोरली गेली. का गेली हे तिनं पुढे स्वतःला बरेचदा विचारलं. भावानं बोलावलं आणि ती गेली नाही असं कधी झालं नव्हतं, एवढंच उत्तर मिळालं.

आचारी चाळिशीचा, मिशाळ माणूस. म्हातारीला शिकवायला आणलंय म्हणून आधी जरा नाक मुरडून उभा होता. थोरलीनं कांदा चिरला, तेल किती ते न मोजता ओतलं, आच बारीक केली आणि तिथून हलली नाही. टोमॅटो हातात घेऊन चुरडले, बिया अंगावर उडू नयेत म्हणून मूठ खाली वळवून. पाणी कधी उकळलं ते बघितलं नाही, आवाजावरून ओळखलं. गाळताना डावं मनगट आपोआप मागे घेतलं. आचाऱ्यानं चमच्यानं चाखलं, परत चाखलं आणि चमचा खाली ठेवला.

"बाई, किती वर्षं करताय हे?"

"बावन्न."

तो मनातल्या मनात हिशेब करत तिच्याकडे बघत राहिला. मग बाहेरच्या पाटीच्या दिशेनं त्यानं नुसती भुवई उंचावली. थोरलीनं खांदे उडवले. त्या अख्ख्या जागेत हे ज्याला विचारावंसं वाटलं, तो एकटा परका माणूस.

"साहेबांना सांगू?"

"तुमची नोकरी सांभाळा," थोरली म्हणाली.

चव सापडली आणि खाणावळ चालू लागली. वकील, कारकून, तारखेला आलेली माणसं, सगळ्यांनाच स्वस्तात पोटभर खायला हवं होतं आणि घरची आठवण आयतीच पाटीवर होती. एका वर्तमानपत्रानं माणूस पाठवायचं ठरवलं. मधल्यानं दोघी बहिणींना बोलावून घेतलं. कोपऱ्यातल्या टेबलापाशी चौघं बसली: ती तिघं भावंडं आणि वही उघडून बसलेली बातमीदार मुलगी.

धाकटी छान बोलते. तीस वर्षं वर्गात बोललेली. ती म्हणाली, "आमची आई दार लावून स्वयंपाक करायची. आम्हाला आत यायची परवानगी नव्हती, तेल उडेल म्हणून. आम्ही तिघं बाहेर एका ओळीत बसायचो, मी, दादा आणि ताई, आणि दाराखालून कांद्याचा वास यायचा. आतून तिचा आवाज ऐकू यायचा. मीठ घालू का, असं स्वतःलाच विचारायची. मग दार उघडायचं..."

बातमीदार मुलगी भराभर लिहीत होती.

"मी बाहेर नव्हते," थोरली म्हणाली.

धाकटी थांबली. "काय?"

"तुम्ही दोघं बाहेर होतात. मी आत होते."

"हो, म्हणजे कधी कधी तू मदतीला..."

"मदतीला नाही. मीच करत होते. आई पलीकडच्या खोलीत पडून होती. चार वर्षं. तो आवाज माझा होता."

मधल्यानं बातमीदार मुलीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "ताई, आता हे कशाला?"

"कशाला म्हणजे? विचारलं म्हणून सांगितलं."

"तुला नाही विचारलं." तो आवाज खाली आणून म्हणाला, "आणि समजा केलं असशील कधीमधी. आई आजारी असायची, मला आठवतंय की. पण शिकवलं तर तिनंच ना?"

"खालच्या काकूंनी शिकवलं."

"ताई," मधला म्हणाला, आता त्याचाही तोल जाऊ लागला होता, "आईनं केलंय असं आम्हाला कोण सांगायचं? तूच ना? रोज सांगायचीस. म्हणजे एक तर तेव्हा तू खोटं बोलत होतीस, नाहीतर आत्ता बोलतेयस. आम्ही कुठलं धरायचं?"

थोरलीनं मनातल्या मनात साक्षीदार मोजले. काकू कधीच वारल्या होत्या. बाबा, मावशी, सगळे गेले होते. आपल्याच हातांनी पुरावा पुसला होता, तोही रोज, चार वर्षं, नीट घासून.

धाकटी रडत होती. "माझ्याकडे लहानपणच्या आईचं एवढंच आहे," ती म्हणाली. "बाकी मला तिची पाठ तेवढी आठवते. हेही तुला हवंय का?"

थोरलीनं पिशवी उचलली. बातमीदार मुलीनं गोंधळून विचारलं, "मग मी काय लिहू?"

"ती सांगते तसं लिहा," थोरली म्हणाली. "ती छान सांगते."

छापून आलं ते धाकटीनं सांगितलं तसंच. शेवटी एक ओळ होती: 'थोरली कन्या आजही स्वयंपाकघरात मदत करते.'

पुढचे दोन महिने कुणाचा फोन नाही. मग एका दुपारी धाकटी दारात उभी. तिनं चप्पल काढली, खुर्चीवर बसली, पाणीसुद्धा मागितलं नाही.

"मग आई आत काय करायची?" तिनं विचारलं.

थोरलीनं सांगितलं. भिंतीकडे तोंड, न विंचरलेले केस, तसंच परत येणारं ताट. मावशी आली होती तो दिवसही सांगितला. आई हसून काय म्हणाली तेही सांगितलं, एक शब्द न गाळता. इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती, आणि बोलताना मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. समोर बहिणीचा चेहरा उतरत चालला होता, आणि तो बघणं तिला लाँड्रीतल्या कुठल्याही कामापेक्षा जड गेलं.

"तू एकदा तरी दार उघडायला हवं होतंस," धाकटी शेवटी म्हणाली. "मी आत जाऊन बसले असते तिच्याजवळ. कुणी सांगावं, उठलीही असती."

चार वर्षं ज्या दारामागे उभं राहून तिनं या दोघांना जेवू घातलं, त्या दाराचा हिशोब आता तिच्याकडेच मागितला जात होता.

"मी दहा वर्षांची होते गं," ती म्हणाली.

"मी तीन वर्षांची होते," धाकटी म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. दोघीही खोटं बोलत नव्हत्या. त्यामुळेच पुढे काही बोलण्यासारखं उरलं नाही. वाढदिवसाला फोन येतो, प्रकृतीची चौकशी होते, औषधांची नावं विचारली जातात.

गेल्या हिवाळ्यात थोरलीला पेन्शनच्या कागदासाठी कोर्टाजवळच्या कचेरीत जावं लागलं. रांग लांब, पाय भरून आलेले. बाहेर पडली तेव्हा दुपार टळून गेली होती आणि समोर ती पाटी. मधला काउंटरवर नव्हता. ती आत जाऊन खिडकीजवळ बसली. वाढणारी मुलगी नवी होती.

"आजी, मॅकरोनी देऊ? आमच्याकडे तीच खास. मालकांच्या आईची आहे."

"हो का? आण मग."

ताटली आली. वर खमंग चुरा, वाफ निघत होती. थोरलीनं घास घेतला आणि सावकाश चावला. कांदा गोड होता, जळलेला नव्हता. मॅकरोनी दाताला जेमतेम लागत होती, जशी लागायला हवी. साखर चिमूटभर, बरोबर. आचाऱ्यानं एकदाच पाहून सगळं उचललं होतं. कुठं काही चुकलंय का ते तिनं शेवटच्या घासापर्यंत शोधलं. त्रेसष्टाव्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी करून ती मॅकरोनी तिच्यापुढे पहिल्यांदाच ठेवली होती, आणि ती स्वतःला धड आवडूही देणं तिला जमत नव्हतं.

"कशी झालीये?" मुलीनं ताटली उचलताना विचारलं.

"चांगली झालीये," थोरली म्हणाली. "मालकांना सांग."

"कुणी सांगितलं म्हणून सांगू?"

थोरलीनं शाल गुंडाळली, टेबलाला धरून उठली. "राहू दे," ती म्हणाली, आणि बस गाठायला निघाली.